अर्धमागधीची दहावी विद्यार्थिनी

मुलुंडला खोक्यांच्या एका कारखान्यात मी अठरा वर्षं प्लॅनिंगला आहे. कुठल्या गिऱ्हाइकाचं खोकं कुठल्या मशीनवर कुठल्या वारी कापायचं, हे माझ्या एक्सेल शीटवर ठरतं. अठरा वर्षांत आमच्याकडे साबणाच्या खोक्यावर बिस्किटाचं चित्र छापलं गेलेलं नाही. तेव्हा मुलीच्या अकरावीचं प्लॅनिंग मीच करणार, असं मी घरात एप्रिलमध्येच जाहीर करून टाकलं.

बायको, शीतल, हॉस्पिटलात सिस्टर आहे. नुकतीच रात्रपाळी करून आली होती. म्हणाली, "कर. पण मला झोपू दे."

श्रुतिकाला, म्हणजे आमच्या मुलीला, चौऱ्याऐंशी टक्के पडले. घाटकोपरच्या एका कॉलेजात सायन्सला प्रवेश मिळाला. लोकांना वाटतं, इथे संपलं. इथे काहीच संपत नाही. नंतर कॉलेज विषयांची यादी देतं. गणित घ्यायचं की बायोलॉजी की दोन्ही, आणि दुसरी भाषा कुठली. मी शीट उघडली. विषय, विषयाचा कोड, गेल्या वर्षीचे सरासरी गुण, क्लास कुठे, क्लासला जायला रिक्षा मिळते का. रकाने वाढत तेवीसपर्यंत गेले. महिनाभर मी भेटेल त्याला विचारत होतो. सगळ्यांनी एकच सांगितलं, की दुसऱ्या भाषेच्या जागी आयटी घ्यायचं. भाषेत मार्क कापतात, आयटीत वाटतात.

फॉर्म भरायच्या शेवटच्या दिवशी मला वाटलं, जास्त गुण देणारा विषय शीटमध्ये सगळ्यात वर असावा. सॉर्ट केलं. आयटी झकास वर आलं. त्याच्या शेजारचा कोड फॉर्मवर टाकला आणि सबमिट केलं. त्या संध्याकाळी मी स्वतःच्या हाताने चहा करून घेतला. इतका खूश होतो.

कॉलेज सुरू झालं त्या दिवशी श्रुतिका टाइमटेबल घेऊन घरी आली.

"पप्पा, अर्धमागधी म्हणजे काय?"

"नकाशात बघ," मी म्हणालो. "बिहारकडे असेल."

"भाषा आहे. अडीच हजार वर्षांपूर्वीची, जैन ग्रंथांची. मला दुसरी भाषा म्हणून मिळालीय."

मी शीट उघडली. काय झालं होतं ते एका मिनिटात कळलं, आणि ते कळून काही उपयोग नव्हता. सॉर्ट करताना मी विषय आणि गुण निवडले होते, कोडचा रकाना निवडायचा राहिला. विषय वरखाली झाले, कोड जागच्या जागी राहिले. मूळ यादी 'अ'पासून सुरू होत होती. पहिला कोड अर्धमागधीचा. वर येऊन बसलेल्या आयटीच्या शेजारी तोच होता.

शीतलने शांतपणे ऐकून घेतलं. "म्हणजे साबणावर बिस्किट छापलंस," ती म्हणाली.

दुसऱ्या दिवशी अर्धी रजा टाकून मी कॉलेजच्या ऑफिसात गेलो. खिडकीवर सपना मॅडम होत्या. जुलै महिन्यात अकरावीच्या खिडकीवर बसणाऱ्या माणसाचा चेहरा जसा होतो, तसा त्यांचा झाला होता.

"आयटी फुल आहे," त्या म्हणाल्या. "वेटिंगला नाव टाकते. कोणी सोडलं तर फोन येईल. पण आधी आत्ताच्या विषयाच्या सरांची ना-हरकत आणा, सहीनिशी. चौगुले सर, तिसरा मजला."

त्यांनी छापील कागद दिला. मी तिसऱ्या मजल्यावर गेलो. टोकाच्या खोलीत एक बारीक चणीचे गृहस्थ फळा पुसत होते. मी नाव सांगितलं, तसं त्यांनी डस्टर खाली ठेवलं.

"श्रुतिकाचे वडील? बसा, बसा. बावीस वर्षं शिकवतोय, या खोलीत पालक पहिल्यांदा आला."

"सर, मी विषयासंदर्भात..."

"मला कल्पना आहे. सायन्सची मुलगी, मुलुंडचे परब, म्हणजे कोकणातले. घरात या भाषेचा काही संबंध नाही. मी तिला विचारलं, कोणी सुचवलं? म्हणाली, पप्पांनी."

माझा हात खिशात कागदावर होता. तो तिथेच राहिला. सरांनी आल्याचा चहा मागवला. सांगलीकडचे होते. म्हणाले, या वर्षी वर्गात बरोबर दहा मुलं आहेत. दहाच्या खाली गेलं की कॉलेज वर्ग बंद करतं. ऑगस्टअखेर मोजणी. दहावी श्रुतिका.

मग त्यांनी कपाट उघडलं आणि आतून शाल काढली. मी नको नको म्हणेपर्यंत ती माझ्या खांद्यावर होती, आणि हातात नारळ.

घरी शीतलने दार उघडलं. "सही?"

मी नारळ ओट्यावर ठेवला.

"हे काय?"

"नारळ."

"ते दिसतंय मला. सही कुठाय?"

सगळं ऐकल्यावर तिने कागद माझ्याकडून काढून घेतला. शनिवारी ती स्वतः गेली. मी निर्धास्त होतो. शीतलसमोर मोठमोठे सर्जन आवाज खाली करतात. दोन तासांनी ती परत आली. कागद कोरा.

"काय करणार?" ती म्हणाली. "त्यांचा गुडघा बघितलास? ऑपरेशन झालंय आणि तीन मजले चढतात. मी व्यायाम दाखवत बसले. मग त्यांचा तास सुरू झाला."

"पण सही..."

"तू मागितलीस का?"

नव्हती मागितली. विषय तिथेच थांबला.

ऑगस्टमध्ये कॉलेजची पालकसभा होती. सरांचा फोन आला. पाच मिनिटं बोला, म्हणाले, 'मी मुलीसाठी अर्धमागधी का निवडली.' नाही म्हणायला तोंड उघडलं आणि बाहेर आलं, "हो सर, नक्की." शाल घेतलेल्या माणसाला नाही म्हणता येत नाही, हे मला तेव्हा कळलं.

सभागृहात दोनशे पालक होते. सगळे माझ्यासारखेच, अर्धी रजा टाकून आलेले, डोळ्यांखाली काळं झालेले. मी उभा राहिलो. खोटं बोलायचं नव्हतं आणि खरं सांगता येत नव्हतं.

"मी खूप अभ्यास केला," मी म्हणालो. हे खरं होतं. "तेवीस बाजूंनी विचार केला. सगळे सांगत होते, आयटी घ्या. पण शेवटच्या क्षणी निर्णय वेगळा झाला. आणि आता मागे वळता येईल असं वाटत नाही."

टाळ्या पडल्या. मागच्या रांगेतल्या एक बाई डोळे पुसत होत्या. आठवडाभर मला अनोळखी लोकांचे फोन येत होते. ठाण्याच्या एका गृहस्थांनी विचारलं, अर्धमागधी मेडिकलला चालते का? मी म्हणालो, तक्रार तरी ऐकलेली नाही. त्या आठवड्यात तीन मुलांनी विषय बदलून अर्धमागधी घेतली. त्यातला एक आयटीतून आला होता.

मोजणी झाली त्याच्या दुसऱ्या दिवशी दुपारी सपना मॅडमचा फोन आला. "आयटीची एक जागा आहे. वेटिंगमध्ये आता तुमचंच नाव वर आहे. चारपर्यंत कागद आणा. चारला खिडकी बंद, मग दोन वर्षं तोच विषय."

मी मुलुंडहून रिक्षाने सुटलो. वाटेत ठरवलं की आता सगळं खरं सांगून टाकायचं. शाल परत द्यायची तर ती धुवायला टाकली होती, तेही सांगायचं. तिसऱ्या मजल्यावर पोचलो तेव्हा धाप लागली होती.

"सर, ती चूक होती," मी म्हणालो. "मी अर्धमागधी निवडलीच नव्हती. माझा सॉर्ट चुकला."

"माहीत आहे," चौगुले सर म्हणाले.

"काय माहीत आहे?"

"तुम्ही पहिल्यांदा आलात त्याच सकाळी श्रुतिकाने सांगितलं. कोडचा रकाना राहिला, हो ना?" त्यांनी ड्रॉवर उघडून कागद काढला. ना-हरकत. खाली सही, आणि सहीखाली जुलैची तारीख. "मी तिला म्हटलं, तुला अडवणार नाही, पण मोजणीपर्यंत थांबशील का? म्हणाली, थांबते सर, पण पप्पांना सांगू नका. त्यांना कळलं तर ते याचंही प्लॅनिंग करतील."

मी बाकावर बसलो.

"आणि ती शाल?" मी विचारलं.

सर जरा ओशाळले. "तुमचा हात खिशात होता ना. तो कागद बाहेर येऊ नये म्हणून. रागावू नका."

रागावायला अंगात त्राण असावं लागतं. मी कागद घेतला आणि खाली आलो. तीन वीस झाले होते. श्रुतिका कॅन्टीनमध्ये एकटीच समोसा खात होती. मी कागद तिच्यापुढे ठेवला.

"सरांनी सगळं सांगितलं," मी म्हणालो. "आता वर्गात तेरा जण आहेत. तू गेलीस तरी वर्ग चालेल. आयटीची जागा आहे, चारला खिडकी बंद होते. तुला काय घ्यायचंय?"

तिने समोसा खाली ठेवला. "मला?"

"तुलाच."

"थांबा, विचार करू दे. मला कोणी विचारेल असं वाटलं नव्हतं. तयारी नाही माझी."

मी ठरवलं, आता तोंड उघडायचं नाही. सरासरी गुण सांगायचे नाहीत, क्लास सांगायचे नाहीत. पहिल्या दहा मिनिटांत मला तीनदा बोलावंसं वाटलं आणि तिन्ही वेळा मी पाणी प्यायलो. ती कागद वाचत होती. मग वही काढून मागच्या पानावर काहीतरी लिहीत बसली. मला उलटं दिसत होतं, आणि सुलटं दिसलं असतं तरी कळलं नसतं; अक्षरं आपली, भाषा सरांची. पावणेचार झाले. चारला दहा कमी. ऑफिसची खिडकी आम्ही बसलो होतो तिथून दिसत होती. सपना मॅडम पर्स आवरत होत्या.

खिडकीचं शटर खाली आल्याचा आवाज झाला. त्यानंतर बहुतेक पाच मिनिटं गेली असतील.

श्रुतिकाने वही बंद केली.

"आयटी चालेल मला, पप्पा," ती म्हणाली.

मी घड्याळाकडे पाहिलं. मग तिच्याकडे पाहिलं. ती शटरकडे बघत होती आणि तिला काही फार वाईट वाटलेलं दिसत नव्हतं.

"अरेरे," ती म्हणाली. "उशीर झाला ना?" तिने सॅक खांद्याला लावली. "मी जाते वर, सरांचा तास सुरू झाला असेल. तो समोसा संपवा तुम्ही. सकाळपासून काही खाल्लं नसेल."

नव्हतं खाल्लं. संपवला.