पेटी मागे राहिली त्याची हकिकत

श्रीगजाननाचे चरणी मस्तक ठेवून, घडले तैसे लिहितो. पदरचे घालणे नाही. शके एकोणीसशे शेहेचाळीस, क्रोधीनाम संवत्सर, माघमासी एका राज्यात दत्ताजीपंत चौबळ आणि त्यांचे कुटुंब द्वारकाबाई राहत असत. त्यांची कन्या शर्वाणी सातासमुद्रापलीकडील राज्यात, प्रसूतीचे दिवस भरत आलेले, जावई जहाजावर नोकरीस, जवळ मायेचे माणूस नाही. मग बाईंनी आधी जावे आणि पंतांनी सव्वा महिन्याचे बारशास मागाहून यावे असे ठरले, आणि त्या राज्याचे परवाने, ज्यांस हल्ली व्हिसा म्हणतात, उभयतांचे काढविले. पंत मोठे शहाणे, परंतु पंचांगाबाहेर पाऊल न टाकणारे. एका तिकिटावर पार पोचविणारा प्रवास अमावास्येचा मिळत होता. पंत बोलिले, "अवसेला का कुणी लेकीच्या बाळंतपणाला निघतं? मी प्रतिपदेची दोन वेगळी तिकिटं काढतो. मध्ये विमान बदललं की झालं." बाईंनी पुसिले, "मधल्या राज्याचा व्हिसा नको का?" पंत हासिले, "तिथं काय बिऱ्हाड करायचंय तुला?" आणि विषय संपविला.

मग बाईंनी पेटी भरिली, तीत डिंकाचे लाडू, बाळंतविडा, हाताने शिवलेली टोपडी, दुपटी, आणि प्रतिपदेस सुमुहूर्ते प्रस्थान केले. मधल्या राज्यात उतरल्यावर ध्यानी आले की तिकीट एक असते तर पेटी आपोआप पुढील विमानात चढती. तिकिटे दोन, म्हणून ती वेशीपलीकडील सामानाच्या फिरत्या पट्ट्यावर जाऊन पडली, आणि स्वहस्ते उचलून पुन्हा सोपविल्याविना पुढे जाणार नाही. वेशीवरील अंमलदार अदबीचे. त्यांनी दुभाष्यामुखे कळविले की पट्ट्यापर्यंत जाणे म्हणजे आमच्या राज्यात शिरणे, त्यास परवाना पाहिजे, तो आपणांपाशी नाही. हातच्या पिशवीनिशी पुढे जाल तर पुढील विमानात बसण्याची चिठ्ठी वेशीच्या आतच देववितो, पेटी हवी तर पेटीसह माघारी धाडितो. विमान सुटावयास थोडका अवकाश. बाईंनी पंतांस फोन लाविला. पंत कळवळले, "अगं, रिकाम्या हातानं जाणार लेकीकडं? परत ये, चांगला दिवस बघून पुन्हा निघू." बाईंच्या डोळ्यांस पाणी आले, आवाज मात्र हालला नाही. "अहो, तिच्या कळा काय तुमचं पंचांग बघून येणार आहेत? मी चालले." आणि फोन बंद केला.

आणि बाई पोचल्या, आणि पोचतांच कन्येस घेऊन इस्पितळी धावणे पडिले, आणि नात जाहली. शर्वाणीने सारा वेळ आईचा हात सोडिला नाही. टोपडे नाही, दुपटे नाही, सबब बाईंनी प्रवासात नेसलेले मऊ लुगडे धुऊन, फाडून, त्यात नात गुंडाळिली. इकडे पेटी अंमलदारांचे कोठारात राहून पंतांचे दारी माघारी आली, ती नेमकी पुढील अमावास्येस. पंतांनी उघडिली. लाडू बुरसले होते, टोपडी जैशी भरिली तैशी. पंतांनी ती एकेक मांडीवर घेऊन घडी घातली. मग एका तिकिटावर पार पोचविणारा प्रवास त्याच संध्याकाळचा मिळाला, तो घेतला, आणि टोपडी खांद्याच्या पिशवीत घालून निघाले. पेटी घरीच ठेविली.

येणेप्रमाणे बाई गेल्या, पेटी अडली, आणि मधल्या राज्याचे काही बिघडले नाही. पंत अवसेस निघून सुखरूप पोचले. टोपडे नातीस लहान झाले होते, तरी घातले.