दहा पावलं, मागे न पाहता

सात परदेशी शास्त्रज्ञ ज्वारी बघायला परभणीत येणार असं कळलं, आणि भरडधान्य संशोधन केंद्राच्या ऑफिसात प्रत्येकाच्या वाट्याला एकेक काम आलं. कुणाकडे गाद्या-उशा आल्या, कुणाकडे हारतुरे. वरिष्ठ लिपिक किशनराव यांच्याकडे तीन दिवसांचा कार्यक्रम टाईप करण्याचं काम आलं. ते त्यांनी अर्ध्या तासात उरकलं आणि साहेबांच्या केबिनमध्ये जाऊन स्वतःच्या तोंडाने आणखी एक काम मागून घेतलं. नोकरीत असं सहसा कुणी करत नाही.

"साहेब, ही माणसं बाजारात जाणार. आपले दुकानदार त्यांना सोलून काढतील. देशाची अब्रू जाईल. मी एक पत्रक काढतो. पाहुण्यांनी इथं खरेदी कशी करावी, सगळं त्यात."

साहेबांनी फायलीतून मान वर न करता "काढा" म्हटलं.

या विषयात किशनरावांचा अधिकार मोठा होता. ते ज्या दुकानात शिरत, त्या दुकानाचा मालक आधी पाणी पिऊन घेत असे. सांगितलेल्या भावात त्यांनी आयुष्यात काही घेतलं असेल तर फक्त एसटीचं तिकीट, तेही वाहकाशी बोलून झाल्यावर.

किशनराव राहायचे बोरीत आणि रोज मोटारसायकलवर परभणीला जायचे. चार दिवस संध्याकाळी ओसरीवर येरझाऱ्या घालत ते नियम सांगत राहिले आणि बीएस्सीला असलेली त्यांची मुलगी भक्ती मोबाईलवर त्यांचं इंग्रजी करत राहिली. पलीकडे त्यांच्या पत्नी शिवकन्याबाई आणि शेजारच्या कडूबाई एक भली मोठी गोधडी पसरून टाके घालत बसलेल्या असत. त्यांच्याकडे किशनरावांचं लक्ष नव्हतं. त्या वेळी ते देशाचा विचार करत होते.

"नियम तिसरा. दुकानदार जो भाव सांगंल, त्याच्या निम्म्यापासून सुरुवात करावी."

"पप्पा, निम्मं म्हणजे लय कमी होतंय."

"तू लिही. पाचवा, माल कितीबी आवडला तरी तोंडावर दाखवू न्हाई. सातवा नीट लिही, त्याच्यातच सगळं हाय. दुकानदार न्हाई म्हणला की दहा पावलं चालत जावं. मागं बघू न्हाई. तो हाक मारतोच."

"आन न्हाई मारली तर?" शिवकन्याबाईंनी सुई थांबवून विचारलं.

"मारतोच. तीस वर्षांचा अनुभव हाय माझा."

"बरं," असं म्हणून त्यांनी दाताने दोरा तोडला.

नववा आणि शेवटचा नियम होता, सौदा झाल्यावर वरून काहीतरी मागून घेण्याचा. कोथिंबीर, मिरची, जे दुकानात असेल ते. वरून काही न घेता निघणं हा आपल्याकडे दुकानदाराचा अपमान समजतात, असंही किशनरावांनी त्यात घालून दिलं.

पाहुणे आले. पहिल्याच संध्याकाळी हान्स नावाच्या ताडमाड उंच जर्मन शास्त्रज्ञाने गाड्यावर निम्म्या भावात पेरू घेतले आणि वरून दोन मिळवले. त्याचा आनंद पोटात मावेना. केनियाहून आलेल्या वांजिरूबाईंनी बोरं घेतली आणि गाडेवालीशी हातवारे करत अर्धा तास हसत बसल्या. रात्रीच्या जेवणात साहेबांनी सगळ्यांसमोर किशनरावांची पाठ थोपटली. "हे पत्रक मी वरच्या ऑफिसला पाठवतो. सगळ्या केंद्रांनी वापरलं पाहिजे!" त्या रात्री किशनराव घरी पोचले ते मोटारसायकलवर बसून पोचले, एवढंच. बाकी ते जमिनीवर नव्हतेच.

दुसऱ्या दिवशी दुपारी ड्रायव्हर भुजंगचा फोन आला.

"सायेब, हान्ससायबाचा घसा बसलाय. मेडिकलवर गोळ्या घ्यायला आलोत, तर त्ये निम्म्या भावात मागायलेत."

"अरे, गोळ्यांवर भाव छापलेला असतो!"

"मेडिकलवाला बी त्येच म्हणायलाय. तर हे भाईर येऊन मोजून दहा पावलं चालले. आता रस्त्याच्या मधोमध उभे हायत, मागं बघंनात. मागून ट्रॅक्टरवाला हॉर्न वाजवायलाय."

"मग मेडिकलवाल्याला हाक मारायला सांग."

"त्यो म्हणतो, मी कामून मारू?"

"मग तू मार!"

थोडा वेळ नुसता हॉर्न ऐकू आला. मग भुजंग पुन्हा बोलू लागला. "मारली सायेब. आले. पैसे बी पुरे दिले. पण आता वरून इंजेक्शन मागायलेत."

तासाभराने पुन्हा फोन. या वेळी पोस्टातून. दोघे पाहुणे तिकिटांचा भाव करून, दहा पावलं चालून, पोस्टाच्या भिंतीला नाक लावून उभे होते, कारण पोस्ट तेवढं लांब नव्हतं. ऑफिसात हसून हसून सगळ्यांची मुरकुंडी वळली. किशनरावही हसत होते.

"बरं सायेब," भुजंग म्हणाला, "उद्याचं कसं करायचं? उद्या तुमच्याच गावाला यायचंय ना. बायांच्या गोधड्या घ्यायला."

किशनरावांचं हसू जागच्या जागी थांबलं. त्यांनी टेबलाच्या खणातून कार्यक्रम काढला. स्वतःच टाईप केलेला. 'दिवस तिसरा, दुपारी चार. मौजे बोरी. महिला बचत गटाच्या गोधड्यांची विक्री.' खाली 'टंकलेखन : किशनराव' हेही होतं.

बोरीच्या अकरा बायांनी दिवाळीपासून डोळे फोडून नऊ गोधड्या शिवल्या होत्या. त्या विकून गटाला शेवयांचं मशीन घ्यायचं होतं. मशीनची जागाही ठरली होती, मशीनला घालायचा हारही ठरला होता. गटाच्या सचिव होत्या शिवकन्याबाई, आणि शिवकन्याबाईंचा स्वभाव अख्ख्या बोरीला माहीत होता. त्या एकच भाव सांगत. गिऱ्हाईक उठून गेलं तर मालाची घडी घालून ठेवत. जन्मात कधी त्यांनी गिऱ्हाइकाला मागून हाक मारलेली नव्हती. म्हणजे उद्या पाहुणे निघून जाणार, गोधड्या पडून राहणार, आणि हे सगळं कुणी शिकवलं ते कधीतरी बाहेर येणार.

किशनरावांनी लगेच लिपिकाचं शस्त्र बाहेर काढलं, शुद्धिपत्रक. 'नियम क्रमांक ३, ५, ७ व ९ हे महिला बचत गटांस लागू राहणार नाहीत.' ते घेऊन ते सहीसाठी केबिनमध्ये गेले.

"शुद्धिपत्रक?" साहेबांनी चष्मा काढला. "किशनराव, मी तुमचं पत्रक आज सकाळीच वर पाठवलंय. आता वर कळवू, की चुकलं होतं म्हणून?"

"तसं नाही साहेब, जरा..."

"नम्रपणा पुरे. उत्तम झालंय."

मग किशनरावांनी दुसरा डाव टाकला. तिसऱ्या दिवशी सकाळीच ते गेस्ट हाऊसवर गेले आणि शिक्का मारायचा राहिलाय असं सांगून सातही पत्रकं गोळा केली. ती डिकीत टाकून पसार व्हायचा बेत होता. पण मोटारसायकलपाशी पोचतात तो समोर साहेब. "शिक्का मारायला घेतलीत? वा! द्या, मी सहीपण करतो." पाच मिनिटांत पत्रकं गोल शिक्का आणि हिरव्या शाईची सही घेऊन पाहुण्यांच्या हातात परत गेली. हान्सने शिक्क्यावरून आदराने बोट फिरवलं.

शेवटी त्यांनी घरी फोन लावला.

"ऐकलंस का, त्यांनी भाव पाडून मागितला तर जरा..."

"कामून पाडून मागतील?" शिवकन्याबाई म्हणाल्या. "कुणी शिकवलंय का त्यांना?"

"न्हाई, न्हाई! कोण शिकवणार?"

"मग ठेवा फोन. कामं हायत."

दुपारी पाहुण्यांनी बोरीच्या शिवारात हुरडा खाल्ला आणि चार वाजता साहेबांसकट सगळे देवळासमोरच्या लिंबाखाली आले. सतरंजीवर नऊ गोधड्या पसरल्या होत्या. जुन्या लुगड्यांचे हिरवे, जांभळे, लाल तुकडे आणि त्यांच्यावर मुंगीच्या रांगेसारखे बारीक टाके. कडूबाईंची गोधडी बघताच हान्सचे डोळे चमकले. तेवढ्यात त्याला पाचवा नियम आठवला आणि त्याने तोंड असं काही वाकडं केलं, की कडूबाईंना वाटलं, याला हुरडा बाधला.

"तीन हजार," शिवकन्याबाईंनी सांगितलं. भक्तीने इंग्रजी केलं.

"दीड," हान्स म्हणाला.

"न्हाई."

हान्सने बाकीच्यांकडे बघितलं. सातही जण एकदम वळले आणि मनात आकडे मोजत दहा पावलं चालून उन्हात थांबले. सात पाठी, एका ओळीत. मागे बघायचं नव्हतं, म्हणून समोर बघत राहिले. समोर उकिरडा होता.

इकडे अकरा बाया सतरंजीवर बसून. मध्ये किशनराव. एक शेळी आली, सातांच्या समोरून गेली, पुन्हा परत आली. कुणी हाक मारली नाही.

"किशनराव," साहेब कानाशी पुटपुटले, "हाक मारायला सांगा की. सातवा नियम आहे. माझी सही आहे त्याच्यावर."

किशनराव पत्नीजवळ वाकले. "अगं, मार की एक हाक."

"मी कामून मारू? ज्यानं लिहिलंय त्यानं मारावी." शिवकन्याबाईंनी शांतपणे गोधडीवरची काडी झटकली. "चार दिवस ओसरीवर वरडायलता. मी काय बहिरी हाय?"

किशनरावांची पंचाईत झाली. हाक मारली तर बायकोचा भाव पडणार, नाही मारली तर साहेबांची सही खोटी पडणार.

शेवटी कडूबाईंना राहवलं नाही. "अगं बया, पाव्हणी माणसं हायत. किती येळ उन्हात उभी करायची? ओ पाव्हणं! च्या घ्या या!"

हाक कानावर पडताच सातही पाठी वळल्या आणि सातही चेहऱ्यांवर विजय होता. साहेबांनी सुटकेचा श्वास सोडला. चहा झाला. वांजिरूबाईंनी दोनदा घेतला. मग हान्सने पाकीट काढलं आणि मोजून दीड हजार रुपये सतरंजीवर ठेवले.

शिवकन्याबाईंनी नोटा बघितल्या. "बरं," म्हणाल्या. मग कडूबाईंची गोधडी ओढून तिची बरोबर मधोमध घडी घातली आणि पिशवीतून मोठी कात्री काढली.

"भक्ती, सांग त्यायला. निम्म्या पैशात निम्मी."

"जपून काप गं," कडूबाई म्हणाल्या. "त्या अंगाला माझ्या लग्नाचं लुगडं हाय."

भक्तीने दोन्ही वाक्यांचं इंग्रजी केलं. कात्रीचं तोंड उघडलं मात्र, हान्स गुडघ्यावर बसला आणि गोधडीवर दोन्ही हात आडवे टाकून "नो, नो, नो!" असं ओरडू लागला. बसलेल्या घशातूनही त्याचा आवाज पार वेशीपर्यंत गेला. वांजिरूबाई पोट धरून हसत होत्या. त्यांची आई गावच्या बाजारात टोपल्या विकायची आणि तीही अशीच होती, असं त्यांनी भक्तीला सांगितलं. पूर्ण तीन हजार पहिल्यांदा त्यांनीच ठेवले. मग हान्सने ठेवले. मग बाकीच्यांची पाकिटं निघाली. दोन गोधड्या उरल्या, त्या साहेबांनी घेतल्या. सहीचं काहीतरी प्रायश्चित्त घ्यायलाच हवं होतं.

निघताना हान्सने भीत भीत शिक्क्याचं पत्रक काढलं आणि नवव्या नियमावर बोट ठेवलं. न मागावं तर यांचा अपमान होतो, असं लिहिलं होतं. वरून काय?

शिवकन्याबाईंनी चहूकडे बघितलं. मग नवऱ्याकडे बोट केलं. "हे घेऊन जा म्हणावं. लिव्हता-वाचता येतंय. भाव बी चांगला पाडत्यात."

अकरा बाया, सात पाहुणे आणि एक साहेब इतके हसले, की लिंबावरचे कावळे उडून गेले.

संध्याकाळी किशनराव जेवायला बसले तेव्हा त्यांच्या अंगात पुन्हा थोडी जान आली होती. "काय म्हण, पण माझ्या पत्रकामुळं गोधड्या गाजल्या. नुसत्या विकल्या असत्या तर कुणाच्या ध्यानातबी राहिल्या नसत्या."

शिवकन्याबाईंनी भाकरी मोडली आणि अर्धी त्यांच्या ताटात ठेवली.

"हे काय?"

"निम्म्यापासून सुरुवात करावी."

भक्ती तोंडावर ओढणी धरून आत पळाली. किशनराव ताडकन उठले. "मला नको तुझं जेवण!" म्हणत अंगणात उतरले आणि तरातरा चालत फाटकापाशी जाऊन थांबले. बरोबर दहा पावलं झाली. मागे बघायचा प्रश्नच नव्हता. तीस वर्षांचा अनुभव होता.

मागून भाकरी थापल्याचा आवाज येत होता. मग तव्यावर भाकरी पडल्याचा. मग पिठल्याला फोडणी बसल्याचा वास आला. रस्त्याने दोन माणसं गेली, त्यांनी रामराम केला, किशनरावांनी घेतला. मागून हाक काही येईना. पोटात मात्र कुणीतरी सारखं हाका मारत होतं.

अखेर त्यांनी रस्त्यावर कुणी नाही हे पाहून घेतलं, घसा साफ केला आणि बारीक आवाजात म्हणाले, "ओ किशनराव, या की जेवायला."

मग ते लगेच वळले आणि दहा पावलं चालून परत आले. ताटात दोन अख्ख्या भाकऱ्या होत्या, आणि वरून, न मागता, लोण्याचा गोळा.