उरलेला दीड शेर

आखाजीच्या, म्हणजे अक्षय तृतीयेच्या, दिवशी पहाटे रंगूबाईने ओसरी सारवली आणि शास्त्राचं नुकसान झालं. ओसरी छानच सारवली होती. पण ज्या टोपल्यातलं शेण तिने वापरलं, ते सरकारी होतं.

ही गोष्ट सन चोपन्नच्या उन्हाळ्यातली. मेडशीच्या बाजारात रंगूबाईच्या नवऱ्याला, इंद्रभानला, नागपूरचे निमगावकर साहेब भेटले. जनावरांना काय पचतं आणि काय पचत नाही, याचा अभ्यास करणारा हा बारीक अंगाचा, चष्मेवाला माणूस. त्यांना एका साध्या शेतकऱ्याचा साधा बैल सात दिवसांसाठी हवा होता. रोज सात शेर कडबा तोलून घालायचा, तोंडात दुसरं काही जाऊ द्यायचं नाही, आणि जे शेण पडेल ते सगळं गोळा करून तोलायचं, वाळवायचं, पुन्हा तोलायचं. दहा जणांनी नाही म्हटलं. इंद्रभान म्हणाला, "आपला शबद राह्यला, सायेब. चिमूटभर शेण इकडचं तिकडं होनार नाई."

इंद्रभानचा शब्द म्हणजे शब्द, असं सगळा गाव म्हणायचा. त्याला ते ऐकायला आवडायचं.

बैल ठरला हौशा. रंगूबाईने तो गोऱ्हा असताना रिठदहून, माहेरून आणला होता. साहेबांनी हौशाच्या शेपटीखाली ताडपत्रीची थैली बांधली, तेव्हा गाव पाहायला जमला. शेजारची सोजरबाई पदर तोंडाला लावून म्हणाली, "अवं रंगू, तुह्या बैलाले सरकारनं लंगोट नेसवला वं!"

"हसू नोको," रंगूबाई म्हणाली. "तुह्या म्हशीले कोनी इचारत तरी हाय काय?"

साहेब सात दिवस त्यांच्याच घरी मुक्कामाला होते. पहिल्या दिवशी संध्याकाळी त्यांनी ओसरीवर बसून सगळं समजावून सांगितलं.

"वहिनी, बैलाच्या पोटात कोट्यवधी बारीक जीव असतात. डोळ्यांना दिसत नाहीत. कडबा बैलाला पचत नाही, तो त्यांना पचतो. ते कडब्यावर जगतात आणि बैल त्यांच्यावर जगतो."

रंगूबाई विचारात पडली. "म्हंजे आमी इतके साल हौशाले नाई, त्याईले चारून राह्यलो व्हतो?"

"एका अर्थी हो."

"कोट्यवधी म्हंजे किती?"

"हौशाच्या पोटातलं चमचाभर पाणी घेतलं, तर त्यात साऱ्या हिंदुस्थानातल्या माणसांपेक्षा जास्त."

"अन् तेवढ्याईले सात शेरात भागते?" रंगूबाईने इंद्रभानकडे अशा नजरेने पाहिलं, की जणू त्यानेच साऱ्या हिंदुस्थानला उपाशी ठेवलं होतं.

तिची रोजची रीत होती. तव्यावरची पहिली भाकर हौशाची. आता सात दिवस त्याला बंदी. मग ती पहिली भाकर तिने साहेबांच्या ताटात टाकायला सुरुवात केली. साहेब वाळल्या काडीसारखे, पण सहा-सहा भाकरी संपवायचे. ताट घेऊन गोठ्याकडे तोंड करून बसायचे आणि बघता बघता ताट रिकामं. रंगूबाईला कौतुक वाटायचं.

पहिला दिवस ठीक गेला. सात शेर कडबा आत, वाळून तीन शेर शेण बाहेर. साहेबांनी वहीत लिहिलं.

दुसऱ्या दिवशी आखाजी. इंद्रभानने पहाटे हौशाची थैली टोपल्यात रिकामी केली, टोपलं गोठ्याच्या दाराशी ठेवलं आणि तो विहिरीवर गेला. रंगूबाई उठली. सणाचा दिवस, दाराशी ताजं शेण. वीस वर्षांची सवय. तिने टोपलं उचललं आणि ओसरी, चूल, तुळशीचा ओटा, सगळं सारवून काढलं.

इंद्रभान परत आला. टोपलं रिकामं आणि ओसरी ओली. साहेब अजून तोंड धूत होते. सणाच्या दिवशी बायकोला बोलावं तर ती दिवसभर रडेल, आणि साहेबाला सांगावं तर शब्द जाईल. तो मागच्या गोठ्यात गेला. तिथे हौशाचा जोडीदार मोत्या बांधलेला होता. मोत्यावर सरकारचा काही हक्क नव्हता. इंद्रभानने त्याचं शेण आणून टोपलं भरलं, साहेबांच्या शेण वाळवायच्या पत्र्यावर ओतलं आणि घाम पुसला.

इकडे हात धुताना रंगूबाईच्या लक्षात आलं, की हे शेण कुणाचं होतं. ती तशीच परसातून सोजरबाईकडे धावली. थोड्या वेळाने तीही पदराआड पाटी घेऊन आली आणि पत्र्यावर ओतून गेली. नवऱ्याला सांगायची तिची हिंमत झाली नाही. तो शब्दाचा माणूस.

साहेबांनी तोललं, पातळ पसरलं, मेडशीच्या उन्हात दिवसभर वाळवलं आणि संध्याकाळी पुन्हा तोललं. मग चष्मा पुसून तराजूकडे पुन्हा बघितलं.

"दादा, आज हौशाने काही वेगळं खाल्लं?"

"नाई जी. शबद हाय आपला."

"वहिनी?"

"नाई बाप्पा. त्यानं तर माह्याकडं पाह्यलंबी नाई."

दोघांच्याही चेहऱ्यावरची रेघसुद्धा हलली नाही.

तिसऱ्या दिवशी इंद्रभानला वाटलं, आज एकदम कमी भरलं तर साहेबाला कालचा संशय येईल. त्याने मोत्याकडे चक्कर मारली. रंगूबाईलाही नेमकं हेच वाटलं. ती सोजरबाईकडे गेली. चौथ्या दिवशीही तेच, पाचव्या दिवशीही तेच. नवरा-बायको एका घरात राहत होते, एका ताटातून चटणी घेत होते, आणि रोज पहाटे एकमेकांची पाठ वळायची वाट बघत होते.

सहाव्या दिवशी संध्याकाळी साहेब तराजूपाशीच मटकन बसले.

"साडेआठ शेर! चार दिवस रोज साडेआठ! सात शेर खातो आणि वाळून साडेआठ शेर टाकतो. दादा, तुम्हाला कळतंय का याचा अर्थ?"

"बैलाचं पोट बिघडलं असन," इंद्रभान हळूच म्हणाला.

"बिघडलं कसलं! हौशाच्या पोटातले जीव हवेतून अन्न तयार करतायत! हे जगात कुणी पाहिलेलं नाही. हे जीव दुसऱ्या बैलांना दिले, तर दुष्काळात एक जनावर मरणार नाही." साहेबांच्या डोळ्यांत पाणी आलं. "मी उद्याच नागपूरला तार करतो. परवा जीप येईल. हौशाला घेऊन जावं लागेल."

भाकरी थापणारा रंगूबाईचा हात थांबला. "कुठं?"

"नागपूरला. काळजी करू नका. त्याच्या कुशीत वीतभर खिडकी पाडायची आणि तिला रबराचं झाकण बसवायचं. बैलाला फार त्रास होत नाही. झाकण उघडलं की आत काय चाललंय ते बघता येतं."

"हौशाले खिडकी?" ती म्हणाली.

त्या रात्री साहेबांना चारच भाकऱ्या मिळाल्या.

सकाळी साहेब तारेचा कागद हातात घेऊन मेडशीला निघाले. रंगूबाई दारात आडवी उभी राहिली. तिने तोंड उघडलं, आणि त्याच क्षणी इंद्रभाननेही उघडलं.

"सायेब, ते शेन मी..."

"सायेब, त्यात माह्या हातानं..."

दोघं थांबले आणि एकमेकांकडे बघू लागले.

"तू कायले टाकलं वं?" इंद्रभानने विचारलं.

"मी सारवलं व्हतं ना! अन् तुमी?"

"तू सारवलं म्हनूनच तं मी टाकलं!"

"मंग मले सांगतलं काहून नाई?"

"तू सांगतलं काय मले?"

साहेब उंबऱ्यावर बसले. त्यांच्या हातातल्या कागदाचा घडी घालता घालता बोळा झाला. इंद्रभानने मान खाली घातली. "शबद गेला आपला, सायेब. काय म्हनाचं ते म्हना. पन हौशाले नेऊ नोका. तो तिच्या माहेरचा हाय."

मग साहेबांनी वही काढली. "किती टाकत होतात रोज? खरं सांगा."

"एक टोपलं," इंद्रभान म्हणाला आणि त्याने उपरण्याने तोंड पुसलं.

"म्हणजे वाळून दोन शेर. वहिनी?"

"लहान पाटी. सोजरच्या म्हशीचं."

"दीड शेर." साहेब थांबले. चष्मा काढून पुसला. तो स्वच्छच होता. "आणि अर्धा शेर भाकरीचा."

"कोनत्या भाकरीचा?"

"वहिनी, तुम्ही वाढतच गेलात. मला दोन भाकऱ्या जड जातात. आणि तो समोरून असा बघायचा... मी रोज चार भाकऱ्या त्याला घालत होतो. पण मी ते मनातल्या मनात वजा केलं होतं!"

रंगूबाईने कपाळाला हात लावला, आणि मग तिला हसू आवरेना. "म्हंजे हौशाची भाकर हौशालेच भेटली! बरं झालं बाई. माह्या जिवाले लागून राह्यलं व्हतं."

इंद्रभान हसला. शेवटी साहेबही हसले. पण आकडा त्यांना सोडवेना. "तीन हौशाचे, दोन दादांचे, दीड वहिनींचे, अर्धा माझा. झाले सात. दीड शेर अजून उरतो. हा कुणाचा?"

इंद्रभानने रंगूबाईकडे बोट केलं. "तुहाच असन. तुही लहान पाटी मी पाह्यली हाय."

"माहा नाई. हौशाची आन!"

सात दिवस भरले तशी ठरलेली जीप आली आणि साहेबांना घेऊन गेली. दिवाळीला त्यांचं पत्र आलं. प्रयोग नागपुरात पुन्हा केला आणि नीट पार पडला. या खेपेला गोठ्यावर मुद्दाम बिनलग्नाचा माणूस ठेवला होता. हौशा पुढे नऊ वर्षं जगला. कुशीला खिडकी न पाडता.

पण दीड शेर घरात राहून गेला. भाजीत मीठ जास्त झालं, की इंद्रभान म्हणायचा, "टाकला वाट्टे दीड शेर." लेकीच्या लग्नात पुऱ्या उरल्या, तेव्हा तो भर मांडवात म्हणाला, "आमच्या घरी उरतेच. हिलेच इचारा." रंगूबाई म्हणायची, "माहा नाई, माहा नाई," आणि लटकं रागवायची. असं अठ्ठावीस वर्षं चाललं. मग एका पावसाळ्यात ती तापाने पडली आणि उठली नाही.

तेरवी झाली. पाहुणे गेले. सोजरबाई ओसरीवर कूड धरून बसली होती. इंद्रभान गोठ्यातून आला आणि तिच्यापासून दोन हात लांब बसला. बराच वेळ तो जमिनीकडे बघत होता. तेरा दिवसांत ओसरीचे पोपडे निघाले होते.

"सोजरबाई," तो म्हणाला, "तो दीड शेर माहा व्हता. एका टोपल्यानं पुरनार नाई, असं मले वाटलं. म्हनून मी दोनदा जात व्हतो. त्या दिवशी सायबाम्होरं एक टोपलं कबूल केलं, दुसऱ्याची लाज वाटली. मंग तिच्यावर ढकललं. उद्या सांगीन, उद्या सांगीन म्हनता म्हनता राह्यलं."

सोजरबाईने डोळे पुसले. "तिले मालूम व्हतं, भाऊ."

"काय?"

"पयल्याच दिवसापासून. ती म्हशीचं शेन न्याले आली, तवा आमी दोघी कुडाआड उभ्या व्हतो. एक टोपलं ओतून तुमी दुसरं घेऊन पळून राह्यले व्हते. धोतराचा सोगा सुटून मातीत लोळत व्हता. हसून हसून आमचं पोट दुखलं. तरी तिनं आपली पाटी नेलीच, म्हने कमी पडाले नोको."

"मंग ती बोलली काहून नाई? अठ्ठावीस साल?"

"मी म्हनलं तिले, सांगून टाक. तं म्हने, राहू दे सोजर. त्याले वाट्टे, त्याचं कोनाले समजलं नाई. मले चिडवते तवा कसा खुशीत असते, पाह्यत जाय."

इंद्रभानचा हात आपोआप मागे धोतराच्या सोग्याकडे गेला, आणि त्याने तो नीट खोचून घेतला.