मुरलेल्या मेणबत्त्या

"हे शेवटचं," ऑडिटरसाहेबांनी जेवणाच्या टेबलावर सोया वॅक्सची भलीमोठी पिशवी ठेवली आणि जाहीर केलं.

"शेवटचंच," त्यांची बायको बॅगेची चेन ओढत म्हणाली. "रिटायर झाल्यापासून आधी मासे पाळून झाले, मग पाव भाजून झाले, मग बासरी झाली. मासे गेले, पाव दाराला अडसर म्हणून लावले, आणि बासरीबद्दल मी काही बोलत नाही, खालच्या मजल्यावरचे येऊन बोलून गेलेत. आता मेणबत्त्या. या जमल्या तर ठीक, नाहीतर सरळ धाकट्याच्या दुकानात जाऊन बसायचं."

"अगं, पण..."

"पणबिण नाही. त्याला गल्ल्यावर विश्वासाचा माणूस हवाय. तुमच्याइतका प्रामाणिक आणि तुमच्याइतका रिकामा माणूस त्याला दुसरा कुठे मिळणार?"

धाकटा म्हणजे तिचा धाकटा भाऊ, साहेबांचा मेहुणा. त्याचं रंगांचं दुकान होतं. साहेबांचं रंगांशी वैर नव्हतं, डब्यांशी नव्हतं, गल्ल्याशी तर मुळीच नव्हतं. ते घाबरत मेहुण्याच्या जिभेला. गिऱ्हाईक साधा ब्रश मागायला आलं, तर मेहुणा ब्रशच्या केसांपासून सुरुवात करून स्वतःच्या मूतखड्याच्या ऑपरेशनपर्यंत पोचायचा, आणि गिऱ्हाईक ब्रश न घेताच, पण मूतखड्याची समग्र माहिती घेऊन घरी जायचं. साहेबांनी जन्मभर शांत खोल्यांमध्ये बसून दुसऱ्यांच्या चुका शोधल्या होत्या. आता उरलेलं आयुष्य त्या माणसाशेजारी काढायचं, या नुसत्या विचारानं ते उठून दारं-खिडक्या लावून घ्यायचे.

"आणि ऐका," बायको दारातून म्हणाली, "ध्यानवर्गाच्या बाईंना मी शब्द दिलाय. पंधरवड्यानं नव्या हॉलमधला पहिला वर्ग आपल्या मेणबत्त्यांच्या उजेडात होणार. लॅव्हेंडरचा मंद वास हवाय त्यांना. मंद, कळलं? मावशीचा पाय बरा झाला की मी येतेच. तोवर तयार ठेवा. माझी शोभा करू नका म्हणजे झालं."

साहेब आळशी नव्हते. मेणबत्त्यांवरचा एक लांबलचक व्हिडिओ त्यांनी रीतसर पाहिला होता, फक्त ऑडिटरच्या पद्धतीनं. ऑडिटमध्ये प्रत्येक कागद बघत बसलं तर जन्म जाईल. इथला एक उचलायचा, तिथला एक उचलायचा, आणि बाकीचं तसंच असणार असं धरून सही ठोकायची. साहेबांनी व्हिडिओही मधूनमधून पाहिला. पाण्याच्या पातेल्यात दुसरं भांडं ठेवून मेण वितळवायचं, जरा निवलं की सुगंधी तेल घालायचं, ढवळायचं, वात मधोमध धरायची आणि ओतायचं. बाकीचं तसंच असणार.

बाकीचं तसं नव्हतं. सोया वॅक्स दोन प्रकारचं येतं, बरणीत ओतायचं मऊ आणि साच्यात ओतायचं कडक, हे व्हिडिओतल्या बाईंनी साहेबांनी गाळलेल्या पहिल्या भागात सांगितलं होतं. आणि गाळलेल्या शेवटच्या भागात तर त्यांनी अक्षरशः हात जोडले होते, की या मेणाचा वास लगेच येत नाही, मेणबत्ती आठवडा-दोन आठवडे मुरू द्या, मग तो खुलतो, तोवर धीर धरा. साहेबांनी दुकानात जाऊन सगळ्यात पांढरं, सगळ्यात देखणं मेण उचललं होतं. ते मऊ निघालं.

पहिल्या दिवशी साच्यातून निघालेल्या मेणबत्त्या पाहून साहेबांचा ऊर भरून आला. त्यांनी त्या खिडकीत ओळीनं उभ्या केल्या आणि जरा आडवे झाले. उठून पाहतात तो दुपारच्या उन्हात सगळ्या मेणबत्त्या कमरेत वाकून एकमेकींच्या खांद्यावर माना टाकून बसल्या होत्या.

नेमका तेव्हाच मेहुणा आला. रोज जाऊन लक्ष ठेव, असं त्याला बहिणीनं फोनवरून बजावलं होतं.

"दाजी, हे काय? यांना बरं नाही का?"

"निवतायत," साहेब म्हणाले.

"अहो, निवतायत कसल्या, पार गळाठल्यात! माल मऊ आहे. माझ्या दुकानात एकदा असाच पुट्टीचा डबा आला होता, त्याचं काय झालं सांगतो..."

त्याचं काय झालं हे सांगून होईपर्यंत चहा होऊन, पिऊन, कप विसळून झाले. विसळलेल्या कपांकडे बघता बघता साहेबांच्या डोक्यात प्रकाश पडला. मेण उभं राहत नाही ना, मग बसवू या! त्यांनी सगळ्या मेणबत्त्या परत वितळवल्या आणि कपांत ओतल्या. आधी रोजचे कप गेले, मग पाहुण्यांचे गेले, मग कपाटातले भेट आलेले गेले. त्यांच्या ऑफिसनं निवृत्तीच्या दिवशी दिलेला मगही त्यांनी जड मनानं कामी लावला.

मेण घट्ट झालं, दिसायलाही छान झालं. साहेबांनी त्यातली एक मेणबत्ती लगेच पेटवली.

"वास येतोय का?"

मेहुण्यानं ज्योतीवर नाक धरलं, इतकं जवळ की मिशीचं एक टोक चुरचुरलं. "कशाचा?"

"लॅव्हेंडरचा."

"दाजी, खरं सांगू? कसलाच नाही."

जळलेल्या मिशीचाही वास त्याला आला नव्हता, हे एरवी साहेबांच्या नजरेतून सुटलं नसतं. वर्षानुवर्षं थिनरच्या डब्यांत वावरून मेहुण्याचं नाक आता फक्त चष्मा टेकवण्यापुरतं उरलं होतं. साहेबांचं स्वतःचं नाक म्हणाल, तर सकाळपासून पातेल्यावर ओणवं राहून राहून त्यानं केव्हाच अंग काढून घेतलं होतं. दोघांनी पुन्हा हुंगलं. दोघांचंही एकमत झालं. आणि ज्या गोष्टीवर दोन माणसांचं एकमत होतं तिच्यावर साहेब डोळे मिटून सही करत.

मेण पुन्हा वितळलं. लॅव्हेंडरचं तेल दुप्पट झालं. वास आला नाही. उरलेली सगळी बाटली आत गेली. तरी नाही.

"लॅव्हेंडरमध्ये दमच नाही," मेहुणा म्हणाला. "निलगिरी घाला. निलगिरी कशी, नाक धरून आत शिरते."

निलगिरी घातली. ती नाकात शिरली नाही, तेव्हा मेहुण्यानं पुदिन्याचा अर्क सुचवला. तोही घातला. मधेच दारावर पार्सल घेऊन एक माणूस आला. साहेबांनी दार उघडताच तो लागोपाठ शिंकला, पार्सल उंबऱ्यावर टाकलं आणि सही न घेताच जिना उतरला.

"हवा बदलतेय," साहेब म्हणाले.

पंधरवड्याच्या वायद्याला अजून बरेच दिवस होते, पण साहेब शेवटी थकले. आहे तो वास मंदच आहे, आणि तिला मंदच हवा होता, अशी त्यांनी मनाची समजूत घातली. कपांवर बशा झाकून सगळे खोक्यात भरले, खोकं चिकटपट्टीनं बंद केलं आणि घरात जागा नको अडायला म्हणून मेहुण्याच्या गोदामात ठेवलं. तिथे थिनरच्या आडोशाला मेणबत्त्या निवांत, पोटभर मुरत राहिल्या.

बायको परतली ती वर्गाच्याच दिवशी. घरात पाऊल टाकताच तिनं नाक मुरडलं. "घराला दवाखान्यासारखा वास कसला येतोय?"

"फरशी पुसली," साहेब म्हणाले.

इतक्या वर्षांच्या संसारात हे वाक्य तिनं पहिल्यांदा ऐकलं होतं. ती इतकी विरघळली की पुढे काही विचारलंच नाही. चहा मात्र अडला. घरातले सगळे कप मेणानं भरलेत हे कळल्यावर तिनं स्वतः डब्याच्या झाकणात चहा घेतला, नवऱ्याला दिला वाटीत, आणि खोकं घेऊन आलेल्या भावाला मापाच्या जगमध्ये.

"दिसायला तरी बऱ्या आहेत ना?" तिनं विचारलं.

"ताई, वासाचं म्हणशील तर एकदम मंद," मेहुणा जगच्या चोचीतून चहा ओढत म्हणाला. "असून नसल्यासारखा."

नव्या हॉलच्या खिडक्या रस्त्याचा आवाज नको म्हणून घट्ट लावल्या होत्या. बाईंनी दिवे मालवले, कप गोलाकार मांडून पेटवले आणि सगळे मधे मांडी घालून बसले. खोकं वाहून आणलेल्या मेहुण्यालाही बहिणीनं दटावून बसवलं. साहेब बायकोशेजारी बसले.

"डोळे मिटा," बाई संथ आवाजात म्हणाल्या. "श्वास खोल घ्या. मनात जे दाबून ठेवलंय ते वर येऊ द्या. अडवू नका."

सगळ्यांनी खोल श्वास घेतला. साहेबांनीही घेतला. इतक्या दिवसांच्या विश्रांतीनं त्यांचं नाक पुन्हा कामावर रुजू झालं होतं. लॅव्हेंडर, निलगिरी, पुदिना अशी सगळी रक्कम एका दमात त्यांच्या टाळूपर्यंत चढली आणि डोळ्यांतून घळाघळा पाणी वाहू लागलं. काय झालंय ते त्यांना तत्क्षणी कळलं. डोळ्यांपुढे दुकान उभं राहिलं, गल्ला उभा राहिला, गल्ल्यामागे मूतखड्याची गोष्ट सांगणारा मेहुणा उभा राहिला.

मेणबत्त्या विझवायला ते उठणार, तोच कोपऱ्यातून एक हुंदका आला. मग दुसरा. एक धिप्पाड गृहस्थ ओठ दाबून बसले होते, त्यांचे खांदे हलायला लागले.

"कुणीही उठू नका," बाई म्हणाल्या. त्यांचाही आवाज दाटला होता. "जे होतंय ते होऊ द्या."

ते झालं. सगळा हॉल मुसमुसायला लागला. गाडी कुठे लावायची यावरून वर्षभर न बोललेल्या दोन शेजारणी एकमेकींच्या गळ्यात पडल्या. एका म्हातारबुवांनी शाळेतल्या कुठल्याशा मित्राचं नाव घेऊन माफी मागितली. आणि मेहुणा! त्याच्या मिशीवरून, जळलेल्या टोकावरूनही, आसवं ओघळत होती, आणि तोंडातून एक शब्द निघत नव्हता. साहेबांनी त्याला असं कधीच पाहिलं नव्हतं.

वर्ग संपला तेव्हा बाई लालबुंद नाक पुसत साहेबांपुढे आल्या. "इतकी वर्षं मी वर्ग घेतेय, पण पहिल्याच दिवशी सगळेच्या सगळे मोकळे झाले असं कधी घडलं नव्हतं! यापुढे मेणबत्त्या तुमच्याच. आणि अगदी अशाच."

घरी येईपर्यंत साहेबांना राहवलं नाही. "अगं, एक सांगायचंय. ते मन मोकळं वगैरे काही नव्हतं. निलगिरी जास्त झाली."

"ते मला पहिल्या श्वासालाच कळलं," बायको म्हणाली. "निलगिरी ओळखत नाही का मी?"

"मग रडलीस कशाला?"

"सुरुवात निलगिरीनं झाली. मग माझं मलाच आठवत गेलं. तुम्ही रिटायर झालात तेव्हापासून मी सारखी खेकसते तुमच्यावर. आधी माणूस घरात नसतो म्हणून रडत होते, आता घरात असतो म्हणून ओरडते." तिनं पदरानं नाक पुसलं. "दुकानाचं विसरा. बसा घरीच. करा तुमच्या मेणबत्त्या."

साहेबांनी चष्मा काढून डोळे पुसले, आणि आसपास निलगिरी मुळीच नव्हती. आयुष्यात इतकं सुख त्यांना बढतीच्या दिवशीही झालं नव्हतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी बेल वाजली. दारात मेहुणा उभा होता. गळ्यात कोरा एप्रन, काखेत स्वतःचं स्टूल.

"दाजी, काल मी मोकळा झालो. आता त्या डब्यांत जीव रमत नाही. ठरलं! मी तुमच्याबरोबर मेणबत्त्या करणार. रोज. आणि काम करता करता आपलं बोलणंही होईल, नाही का? दुकानात मेली गिऱ्हाइकं मधे मधे येतात, एक गोष्ट धड पुरी होत नाही."

साहेबांनी आशेनं बायकोकडे पाहिलं. पण तिचे डोळे भरून आले होते. "येऊ दे हो त्याला. लहानपणापासून पहिल्यांदा रडलाय तो."

मेहुणा आला आणि ओट्याशी ठाण मांडून बसला. मेण वितळायच्या आत त्यानं आपण कसे रडलो ते सांगितलं. ते निवायच्या आत, त्याआधी आपण कधी कधी रडलो नव्हतो ते सांगितलं. वाती लावेपर्यंत गाडी ऑपरेशनवर आली. दुसऱ्या दिवशी त्यानं तेच सगळं पुन्हा सांगितलं, राहिलेले तपशील घालून. साहेबांना ना पातेलं सोडून जाता येई, ना कानात बोटं घालता येत, कारण दोन्ही हात मेणात असत. पण मेणबत्त्या मात्र अशा खपत होत्या की हे काम कधी संपण्याची चिन्हं नव्हती.

आठवडा सरत आला तेव्हा साहेबांनी क्षीण आवाजात विचारलं, "आणि तुझं दुकान कोण बघतं?"

"बंदच आहे की! विश्वासाचा माणूस मिळेपर्यंत बंद. थोडा रंग, थोडे डबे, एक पंखा. दिवसभर चिटपाखरू नाही तिथे. हां, तर ते डॉक्टर मला काय म्हणाले..."

साहेबांचा ढवळणारा हात थांबला.

दुपारी बायको बाजारातून आली तर नवरा इस्त्रीचा शर्ट घालून दारात बुटाची नाडी बांधत होता. आत स्वयंपाकघरात मेहुण्याचा आवाज चालूच होता. ऐकणारा उठून गेलाय, हे त्याच्या अजून लक्षात आलं नव्हतं.

"कुठे निघालात?"

"दुकानात," साहेब म्हणाले. त्यांच्या मुठीत किल्ल्यांचा जुडगा होता. "रोजच जावं लागेल आता. यायला उशीर झाला तर जेवून घेत जा."

"अहो, पण तुमच्या मेणबत्त्या तर चालल्या ना!"

"म्हणूनच," साहेब म्हणाले आणि दोन दोन पायऱ्या गाळत जिना उतरले.