मन न लागणाऱ्यांची यादी

सत्तावन सालची तापाची साथ ओसरली आणि यवतमाळच्या कॉलेजात पुन्हा तास सुरू झाले, तेव्हा प्रथम वर्षाचा वर्ग नुसता बसून असे. कुणी हसेना, कुणी शंका विचारेना. प्राचार्यांनी तर्कशास्त्राच्या वामनरावांना बोलावलं.

"पोरं खचलीत. वसतिगृहात भरली ताटं परत जातात. जरा त्यांच्या मनाचं बघा."

"मी, सर? माझा विषय तर्कशास्त्र."

"म्हणजे डोक्याचाच की."

वामनरावांची नोकरी अजून कायम व्हायची होती. त्यांनी फळ्यावर सूचना लावली : ज्यांना झोप लागत नाही, मन लागत नाही, त्यांनी शनिवारी चारला भेटावे. शनिवारी कुणी फिरकलं नाही. डोकं बिघडल्याची कबुली चारचौघांत कोण देणार? मग त्यांनी वसतिगृहात चौकशी करून पाच नावं काढली आणि सोमवारी ती फळ्यावर लावली. खाली एवढंच : 'ताबडतोब भेटावे.' कारण लिहिलं तर पोरं लाजतील, हा त्यांचा तर्क.

पोरांचा तर्क निराळा निघाला. तापात सगळ्यांचीच हजेरी बुडाली होती. तासाभरात बातमी झाली की पाच जणांना कॉलेजातून काढलं. दोघांनी नेरची मोटार धरली, दोघं उमरखेडकडे गेले. पाचवा, बाभुळगावजवळचा उकंडा, तर पेटी-वळकटी घेऊनच निघाला होता.

"परत येत नाही म्हणाला," वसतिगृहाच्या रखवालदाराने सांगितलं.

पोरांना धीर द्यायला नेमलेल्या माणसाने पाच पोरांचं शिक्षण बुडवलं होतं. वामनराव तसेच बाभुळगावच्या मोटारीत बसले. धीर देताना काय बोलायचं, त्याचे तीन मुद्दे त्यांनी वाटेत पाठ केले.

उकंडाचे वडील बाबाराव अंगणात बाज विणत होते. ते उठून उभे राहिले.

"जयभीम, मास्तर. पोराले काढल्याचा कागद आणला काय?"

"काढलं नाही हो. मी नुसती विचारपूस करायला आलो."

"विचारपुशीसाठी कोणी पंधरा मैल येते काय?" बाबारावांनी हात जोडले. "आमच्या मोहल्ल्यातून कॉलेजात गेलेला हा पहिलाच पोरगा. काही चुकलं असन तर मले सांगा."

उकंडा दारात आला. "बाबा, चूक नाई झाली. मलेच काही समजून नाई राह्यलं. खोलीतला श्रीकृष्ण तापात गेला. त्याची खाट समोरच हाय. पुस्तक उघडलं का तिकडंच ध्यान जाते."

वामनरावांनी तोंड उघडलं. तीनही मुद्दे गायब.

"मलाही तापापासून असंच होतंय," ते भलतंच बोलून गेले. "शिकवताना पुढचं आठवत नाही. मग खडू शोधत बसतो. हे मी घरी सांगितलेलं नाही, आणि प्राचार्यांना तर नाहीच."

उकंडाची आई, कौसल्याबाई, चुलीपासून उठून आल्या. "जेवण जाते काय, मास्तर?"

"नाही."

त्यांनी ज्वारीची भाकर आणि अंबाडीची भाजी पुढे ठेवली. वामनरावांनी एक भाकर खाल्ली, मग दुसरी, आणि हात धुऊन बाजेवर टेकले ते तिथेच झोपले. दोन महिन्यांत त्यांना अशी झोप लागली नव्हती. जाग आली तेव्हा उन्हं कलली होती आणि बाहेर हलक्या आवाजात बोलणं चाललं होतं.

"पेटी घे तुही," बाबाराव म्हणत होते. "मास्तराले एकटं धाडता येत नाई. मन ठिकाणावर नाई त्यायचं."

"पण बाबा—"

"पण काय? ते आले ना तुह्यासाठी?"

परतीच्या मोटारीत उकंडाने कंडक्टरला बाजूला घेतलं. "सरायले खिडकीपाशी बसू द्या. त्यायले बरं नाई." मग शेजारी बसून तो म्हणाला, "सर, वर्गात अडलं तर माह्याकडं पाहा. मी शंका विचारीन, तवर तुम्हाले आठवन."

वामनराव खिडकीकडे सरकले.

"उद्या नेरले जाऊ. त्या दोघायले बी आणू, मग उमरखेडले. तुम्ही समजवायच्या भानगडीत पडू नका. नुसते जेवा."

आपण ठणठणीत आहोत, असं सांगायचं वामनरावांच्या अगदी ओठावर आलं होतं. पण ते खरं नव्हतं. आणि खरं असतं, तरी ते ऐकून पोरगा पेटीसकट खाली उतरला असता. ते खिडकीला डोकं टेकून, आजारी माणसाने बसावं तसे मुकाट बसून राहिले.