परबांच्या घरचं खरबूज

कोपरीत आमच्या बिल्डिंगखाली फळांची गाडी लागते. तिथे एखादे गृहस्थ खरबुजाच्या देठाला नाक लावून, डोळे मिटून उभे दिसले तर घाबरू नका. त्यांना चक्कर आलेली नाही. ते माझ्या समोरच्या दारातले परबकाका आहेत आणि ते खरबुजाची चौकशी करतायत.

बाकीचे लोक खरबूज दाबतात, हातात तोलतात, टिचकी मारतात. काकांना ते खपत नाही. "टिचकी मारून फळ कळलं असतं, तर कडी वाजवून घरातली माणसं कळली असती. नाकाला विचारा." हे त्यांचं पालुपद. तीस वर्षं त्यांनी अगरबत्तीच्या कारखान्यात वास तपासण्याचं काम केलं. चंदन किती आणि भुसा किती, हे एका हुंगण्यात सांगायचे म्हणे. रिटायर झाल्यावर ते सगळं नाक खरबुजाच्या वाट्याला आलं.

गाडीवाला बिचारा म्हणायचा, "काका, आप सब सूंघ लेते हो, तो बाकी गिराईक को जूठा लगता है."

"उलट पाटी लाव," काका म्हणायचे. "परबांनी हुंगलेला माल."

त्यांच्यापुढे दुखणं सांगायची सोय नव्हती. ऊन लागलं? खरबूज. पोट साफ होत नाही? खरबूज. सुनेशी भांडण झालं? आधी खरबूज, मग बोला. पण त्याचेही नियम होते. जेवणावर लगेच नाही, मधल्या वेळी. दुधात तर मुळीच नाही. दुसऱ्या मजल्यावरच्या सावंतांच्या मुलीने एकदा खरबुजाचा मिल्कशेक केला, तर काका आठवडाभर त्यांच्या घरी चहाला गेले नाहीत. बिया फेकलेल्या दिसल्या की त्यांचा जीव वरखाली व्हायचा. धुऊन, गच्चीत वाळवून, सोलून ते मगज काढायचे आणि पुड्या बांधून घरोघर द्यायचे. "भाजीच्या रश्श्याला वाटून लाव, काजू विसरशील."

पुढचं सगळं काकूंचं. कच्च्या खरबुजाची जिरं-मिरचीची भाजी, गराचं पन्हं, आणि काकडीचं करतात तसं खरबुजाचं धोंडस, रवा-गूळ-खोबरं घालून. काकांनी आणायचं आणि काकूंनी त्याचं सोनं करायचं, असा चाळीस वर्षांचा संसार.

गेल्या हिवाळ्यात काकूंच्या किडन्या अधू झाल्या. आठवड्यातून दोनदा डायलिसिस सुरू झालं आणि डॉक्टरांनी जे जे बंद केलं, त्यात खरबूज वरच होतं. हंगाम आला तरी काका गाडीकडे फिरकले नाहीत. काकू भिंतीकडे तोंड करून पडून असायच्या. मी बसायला गेले की म्हणायच्या, "आता माझा घरात उपयोग तो काय?"

होळीच्या सुमारास काकांना सर्दी झाली. ती गेली आणि जाताना त्यांचं नाक घेऊन गेली. "वास म्हणून येत नाही," ते जिन्यात भेटेल त्याला सांगत सुटले. ज्या नाकावर हा माणूस उभा होता तेच गेलं, म्हणून सगळी बिल्डिंग हळहळली. मला तर खरंच वाईट वाटलं.

पण काका पुन्हा गाडीवर दिसू लागले. एक दिवसाआड तीन खरबुजं घरी आणायची आणि काकूंच्या मांडीवर ठेवायची. काकू एकेक उचलून हुंगायच्या आणि निकाल द्यायच्या. हे आज कापा. हे परवाला. हे कच्चंय, भाजीला घ्या. मग गॅलरीतल्या खुर्चीतून त्या सांगणार, काका ओट्याशी करणार आणि आमचा मजला खाणार. काका स्वतः एक फोड तोंडात घालत नसत. "वास नाही तिथे चव कुठली?" म्हणायचे. काकूंच्या आवाजाला पुन्हा धार आली. "यांच्या नाकाचा नुसता बोलबाला होता," त्या मला म्हणाल्या. "खरं नाक माझं."

परवा मी धोंडसाची वाटी परत द्यायला गेलेले. काका दारापर्यंत सोडायला आले आणि बोलता बोलता थबकले.

"अगं पळ, तुझं दूध तळाला लागतंय."

माझं दार बंद होतं. मला काहीही वास आलेला नव्हता. धावत जाऊन पाहिलं, तर दूध नुकतं लागायला लागलं होतं. गॅस बंद करून बाहेर आले, तर काका तिथेच उभे होते, चोरी पकडल्यासारखे.

"काका, नाक?"

"हळू बोल." त्यांनी मागे वळून पाहिलं. "सर्दी चार दिवसांत गेली. तिला सांगू नकोस. खाता येत नाही, पण वास घ्यायला डॉक्टरांनी कुठे बंदी केलीय? आणि मला येत असता, तर तिने कशाला घेतला असता?"

काहीतरी विचारायचं म्हणून विचारलं, "आणि काकूंचं चुकलं तर?"

काकांची छाती फुगली. इतकी तर अगरबत्तीच्या गोष्टी सांगतानाही कधी फुगली नव्हती. "होळीपासून एकदाही चुकली नाही. माझं चुकायचं. दोन-चारदा गपचूप जाऊन बदलून आणलेलं. हिचं एकदाही नाही."

आतून काकूंची हाक आली, "अहो, मधलं घ्या. आज नाही कापलं तर उतरेल."

काका आत गेले. मधलं खरबूज त्यांनी नाकाला लावलं, डोळे मिटले आणि मला ऐकू येईल एवढा मोठा श्वास घेतला.

"छे," ते म्हणाले. "मला काही कळत नाही बुवा."

"तुम्हाला काय कळणार," काकू म्हणाल्या. "आणा इकडे."