साडेसहाशे वॅटचे पाटकरकाका

आमच्या ठाकुर्लीच्या बिल्डिंगमधले पाटकरकाका विजेवर चालणारी कुठलीही वस्तू आधी तळहातावर घेतात, डोळे मिटतात आणि तिचं वजन जोखतात. माझ्या भावोजींचा मोबाइल चार्जर त्यांनी जिन्यातच मागून घेतला होता आणि "पोकळ आहे" असं सांगून परत केला होता. भावोजी त्यानंतर दोन दिवस घुश्शात होते.

मानपाड्याच्या एका कारखान्यात काकांनी अख्खी नोकरी ट्रान्सफॉर्मरच्या कॉइल गुंडाळण्यात घालवली. आत तांबं किती घातलंय ते हाताला कळतं, असं त्यांचं ठाम मत. "आकडे काय गं, खोक्यावर कोणीही छापतो. दम बघायचा, दम!"

मी घरून लग्नाचे अल्बम करून देते. मागच्या महिन्यात अल्बम निम्म्यावर असताना माझा कॉम्प्युटर फट् आवाज करून बंद पडला. वासाचा माग काढत काका खाली हजर.

"मेधा, सप्लाय जळला तुझा. स्वस्तातला घेतलेलास ना?"

घेतला होता. घरातली वीज कॉम्प्युटरला सोसेल अशी करून देणारा तो पत्र्याचा डबा, त्याच्याकडे कोण एवढं बघतं! जाताना तो आतल्या बाकीच्या भागांनाही घेऊन गेला. फोटो तेवढे वाचले. आता नवीन कॉम्प्युटर जोडायचा होता आणि सप्लाय निवडायची जबाबदारी काकांनी न विचारताच उचलली.

कुठला भाग किती वॅट खातो याची बेरीज त्यांनी कॅलेंडरच्या पाठीमागे मांडली. साडेतीनशेच्या आसपास आली.

"मग साडेचारशेचा पुरेल," मी म्हटलं.

"पुरेल. पण धापा टाकेल. साडेसहाशेचा घे, निवांत चालेल."

कल्याणच्या दुकानात साडेसहाशे वॅटचे दोन सप्लाय समोर आले. काकांनी डोळे मिटून दोन्ही जोखले, पण समाधान होईना. दुकानात काटा नव्हता. काकांनी दोन्ही डबे उचलले आणि सरळ समोरच्या कांदेवाल्याकडे चालू लागले. "ओ काका, माल घेऊन कुठे चालला!" करत दुकानदार मागे धावला. कांदेवाल्याने दोन्ही डबे गंभीरपणे पारड्यात ठेवले. एक भरला किलोच्या आत, दुसरा पावणेदोन किलो.

"हाच घ्या," तो म्हणाला. "भरलेला माल आहे."

इतका समजूतदार माणूस काकांना बऱ्याच दिवसांत भेटला नव्हता. त्यांनी अर्धा किलो कांदेही घेतले.

सप्लाय मात्र माझ्या घरी आलाच नाही. "दोन दिवस चालवून बघतो, मग लाव," म्हणत काका तो वर घेऊन गेले. दोनाचे नऊ झाले. मी रोज संध्याकाळी वर जायची, काका दार अर्धवट उघडून दोन कप चहा घेऊन बाहेर यायचे. आज पंख्याचा आवाज ऐकायचाय, उद्या तापतो का बघायचंय. कॉइलच्या गोष्टी ऐकत मी अर्धा अर्धा तास पॅसेजमध्ये उभी. इकडे नवरी शनिवारी परदेशी निघणार होती. अल्बम तिला बरोबर न्यायचा होता, आणि बुधवारी तो छापायला गेला नाही तर सगळंच मुसळ केरात. माझे सगळे सुटे भाग टेबलावर मांडून तयार, आणि हे पंख्याचा आवाज ऐकतायत!

सोमवारी मी दार ढकलून सरळ आत शिरले. "आता पुरे, काका. द्या तो."

गॅलरीपाशी माझे पाय थांबले. स्टुलावर सप्लायचा पंखा सावकाश घुमत होता. त्यातून निघालेल्या वायरींवर, कपडे वाळत घालायच्या दोरीला, पंधराएक छोटे दिवे लटकत होते. पिवळा, मऊ उजेड भिंतीवर, कुंड्यांवर, दोन वेताच्या खुर्च्यांवर सांडला होता. बाहेर अजून पुरतं अंधारलं नव्हतं, तरी ती गॅलरी बिल्डिंगपासून सुटून हळूच तरंगतेय असं वाटत होतं.

"रिक्षाचे बल्ब," काका ओशाळून म्हणाले. "लोड द्यायला, सप्लाय कामाला जुंपून बघायला."

"आणि सप्लाय?"

"तो पहिल्याच दिवशी पास झाला."

मी खरंच भडकले. "मग इतके दिवस मला का खेळवलंत?"

काकांनी एक बल्ब उगीचच सरळ केला.

"शैला गेल्यापासून संध्याकाळी दार कोणी वाजवत नाही गं. तू रोज यायला लागलीस. दोन कपांचं आधण ठेवायची सवय झाली पुन्हा. आज देऊ, उद्या देऊ करत राहिलो. चुकलंच माझं."

मला माझीच लाज वाटली. एवढी वर्षं एका जिन्यात राहतोय, आणि काही बिघडल्याशिवाय मी कधी वर आले नव्हते.

"थांब, काढून देतो," म्हणत त्यांनी बटणाकडे हात नेला.

"राहू दे हो थोडा वेळ," मी म्हटलं आणि खुर्चीत बसले. बुधवारपर्यंत अल्बम होईल कसाही. "काकी कुठे बसायच्या इथे?"

"तिथेच."

मी चटकन उठायला लागले.

"बस गं," काका म्हणाले. "बस."